गागोद्याचा विन्या

मित्रांनो, आधीच कबूल करतो, मी काही लेखक वगैरे नाही. जर्नल सोडून आजवर काही लिहिलेलं नाही, आणि तीही बहुतेक दुसऱ्याची बघून! पण यंदा मराठी विभागाला पानं कमी पडताहेत म्हणून मागे लागले, आणि माझ्या डोक्यात गेली दोन वर्षं एक माणूस घर करून बसलाय. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकू.

मी वर्ध्याचा. त्यामुळे विनोबा भावे हे नाव मला आमच्या गावच्या मालकीचं वाटायचं. शाळेची सहल दरवर्षी ठरलेली... सेवाग्राम आणि पवनार. पवनारला धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे. सर तिथे भूदान, सर्वोदय असं काय काय सांगायचे आणि आमचं लक्ष डब्याकडे. विनोबा म्हणजे पांढरी दाढी, डोक्याला हिरवी टोपी, आणि परीक्षेत हमखास येणारी टीप. एवढंच.

इंजिनिअरिंगला नंबर लागला तो थेट इकडे रसायनीला. कुठे वर्धा आणि कुठे ही पाताळगंगा! पहिल्याच पावसाळ्यात मी तापाने आडवा झालो. बाहेर नुसता धो धो पाऊस, खिडकीतून माणिकगडसुद्धा दिसेना, रूम पार्टनर गावी गेलेला. मेसच्या भाजीचा वास आला तरी पोटात ढवळायचं. घरी फोन केला तर आई रडेल म्हणून तोही नाही. खरं सांगतो, बॅग भरून परत जायचा विचार पक्का झाला होता. अॅडमिशन रद्द केली तर फी किती परत मिळते याचीही चौकशी करून झाली होती.

आमच्या वर्गात पेणकडचा एक डे स्कॉलर आहे. दिवा-रोहा गाडीने येऊन-जाऊन करतो. तेव्हा आमची ओळख म्हणजे फक्त प्रॅक्टिकलच्या बॅचपुरती. मी दोन दिवस दिसलो नाही म्हणून तो रूमवर डोकावला, आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून भाताची पेज घेऊन आला. सोबत मेतकूट आणि लिंबाचं लोणचं. चार दिवस रोज आणली. आम्ही वऱ्हाडाकडचे लोक, पेज कशाशी खातात हे मला माहीत नव्हतं! पण पाचव्या दिवशी मी लेक्चरला बसलो होतो. फीची चौकशी तिथेच राहिली.

पुढे त्याच्या घरी गेलो तेव्हा काकूंचे आभार मानायला लागलो, तर त्यांना आधी कळेचना की मी कशाबद्दल बोलतोय. पेज त्या रोज करतातच, त्यातली एक वाटी जास्त घातली, इतकंच. मग मी कुठला, काय चौकशी झाली. वर्ध्याचा म्हटल्यावर मित्र एकदम म्हणाला की आमचा एक माणूस तुम्ही नेऊन ठेवलाय! मला काही उमगेना. तो दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेला. पेणहून खोपोलीला जाणाऱ्या एसटीत बसायचं आणि गागोद्याला उतरायचं. डोंगराच्या कुशीतलं छोटंसं गाव, भाताची खाचरं, आणि तिथे जपून ठेवलेलं एक घर. विनोबा जन्मले ते इथे. आमच्या हॉस्टेलपासून एका दिवसात जाऊन-येऊन करता येईल एवढ्या अंतरावर! पवनारच्या दाढीवाल्या बाबांना लहानपण होतं, हेच मुळी मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं.

११ सप्टेंबर १८९५ चा जन्म. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. नाव विनायक, पण आई हाक मारायची विन्या. आईचं नाव रुक्मिणी, वडील नरहरराव, आजोबा शंभुराव. वडील नोकरीसाठी बडोद्याला असायचे, त्यामुळे विन्याची पहिली वर्षं गेली ती आई आणि आजोबांच्या हाताखाली. आणि ही दोन्ही माणसं अशी की त्यांनी मुलाला बसवून कधी भाषण दिलं नसावं. ती आपली रोजची कामं करत राहिली, आणि हा बघत राहिला.

फणसाची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण आता रसायनीत राहून फणसाचं माहात्म्य मलाही कळलंय. घरच्या झाडाचा फणस पिकून उतरवला की घरभर घमघमाट. पोरांना कधी एकदा गरे तोंडात टाकतो असं झालेलं. पण आईचा नियम असा की आधी पानांचे द्रोण करायचे, त्यात गरे भरायचे आणि पोरांनीच ते घरोघर पोचवून यायचे. सगळ्या शेजाऱ्यांकडे पोचले, मगच घरच्यांच्या वाट्याला. आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? पण सात-आठ वर्षांच्या पोराच्या हातात गऱ्यांचा द्रोण आहे, वास नाकात जातोय, आणि त्याने तो दुसऱ्याच्या दारात नेऊन द्यायचाय. करून बघा एकदा! आपल्याकडे घरून लाडवाचा डबा आला की आपण तो आधी कपाटात कुलपात ठेवतो. मीपण ठेवतो.

त्या घरात एक अंध वृद्ध असायचे. त्यांना जेवायला वाढणं, हवं-नको बघणं हे घरच्याच वडीलधाऱ्यासारखं चाले. ते वारल्याचं कळलं तेव्हा घरात कुणी सुतकाची आंघोळ केली नाही. विन्याला नवल वाटलं, त्याने आईला विचारलं. तेव्हा त्याला कळलं की ते भाव्यांच्या नात्यातले नव्हतेच. आधार नव्हता म्हणून घरात ठेवून घेतलेले. इतकी वर्षं मुलाला पत्ता नव्हता की हा माणूस परका आहे. मला वाटतं, त्या घराबद्दल याहून जास्त काही सांगायची गरज नाही.

आजोबा मोठे श्रद्धाळू. एकदा पूजेत देवाच्या मूर्तीवर विंचू चढला. सगळे मारायला धावले. आजोबांनी थांबवलं, कारण त्याने देवाचा आश्रय घेतलेला. पूजा शांतपणे संपवली आणि मग विंचू आपणच उतरून निघून गेला. मला देवाधर्माचं फारसं कळत नाही, पण पूजा आणि विंचू यांत ज्याला विसंगती वाटली नाही त्याची श्रद्धा पोथीतली नव्हती, एवढं कळतं.

दहाव्या वर्षाच्या आसपास सगळं कुटुंब बडोद्याला गेलं. आता आपल्या रसायनीकरांना जवळचा वाटेल असा मुद्दा. विनोबांचे वडील रसायनशास्त्राचे वेडे होते! कापड रंगवण्याचं काम, निरनिराळ्या रंगांचे प्रयोग, सगळं मोजून-मापून. विनोबांना गणिताचं जे वेड होतं ते वडिलांकडचंच. घरात एकीकडे हा शास्त्रज्ञ, आणि दुसरीकडे फारसं न शिकलेली, भजनं म्हणत स्वयंपाक करणारी आई.

आईने एकदा देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम केला. रोज बसायची आणि एक एक दाणा मोजून वाहायची. नरहररावांनी बघितलं आणि एकदम आपल्या पद्धतीने तोडगा काढला. एक तोळा तांदूळ घ्यायचे, त्यात दाणे किती ते मोजायचे, त्या हिशेबाने लाखाचं वजन काढायचं, वर अर्धा तोळा जास्त घालायचा म्हणजे कमी पडायची भीती नाही. काम फत्ते! मित्रांनो, आपण सगळे हेच केलं असतं ना? सॅम्पल घ्या, गुणाकार करा, फॅक्टर ऑफ सेफ्टी टाका. आईला काही उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी तिने विन्याला विचारलं, की यात काय चुकतंय? विन्या गणितात एवढा हुशार, पण त्याने बाजू घेतली आईची. तांदूळ किती झाले याला महत्त्व नाही, प्रत्येक दाण्यामागे एकदा देवाची आठवण होते, ती वजन करून कशी होणार? वडिलांनाही ते पटलं असं म्हणतात.

आणखी एक. नरहरराव घरी कुणी ना कुणी गरीब विद्यार्थी शिकायला ठेवून घेत. रात्रीचं उरलेलं शिळं अन्न आई टाकत नसे, स्वतः खायची, कमी-जास्त विन्याला वाढायची. पण त्या विद्यार्थ्याला कायम ताजं गरम. विन्याने आईला चिडवलं, की सगळ्यांना समान मानायला सांगतेस आणि स्वतः मात्र भेद करतेस! आईने कबूल केलं. स्वतःच्या मुलाबद्दल अजून ममता आहे म्हणून त्याला हक्काने शिळं देते, परक्या मुलात देव दिसतो म्हणून त्याला ताजं देते. ज्या दिवशी स्वतःच्या मुलातही देव दिसेल त्या दिवशी हा भेद राहणार नाही. कसलं भारी लॉजिक आहे!

शेजारीण बाहेरगावी गेली की रुक्मिणीबाई त्यांच्या घरी जाऊन स्वयंपाक करून देत. पण आधी स्वतःच्या घरचा उरकून. विन्याने तिथेही पकडलं, की हा स्वार्थच झाला. तर ते तसं नव्हतं. आधी तिकडचं केलं तर त्यांच्या जेवणाच्या वेळेपर्यंत ते गार होणार, म्हणून तिकडचं शेवटी. आता बोला!

पुढचं आयुष्य बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून भरभर सांगतो. कॉलेजात असताना पठ्ठ्याने सर्टिफिकेटं आईच्या चुलीत टाकली. (आपल्या एचओडींनी हे वाचू नये.) २५ मार्च १९१६ ला इंटरची परीक्षा द्यायला मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतला उतरून काशीची गाडी पकडली. पेपरला जाताना मधल्याच स्टेशनवर उतरावं असं आपल्यालाही वाटतं, पण आपण फार तर आपट्यापर्यंत जाऊन परत येतो! त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींची पहिली भेट झाली. गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी यालाही सुरी देऊन बसवलं. एवढा वेदान्त शिकायला निघालेला मुलगा, आयुष्यात पहिल्यांदा भाजी चिरली ती तिथे. विनोबा हे नावही मिळालं ते आश्रमातच.

१९१८ च्या साथीत आई गेली. गीता संस्कृतात, ती आपल्याला कळत नाही, मराठीत हवी, असं आईने एकदा विन्याला म्हटलं होतं. त्याने बाजारातलं भाषांतर आणून दिलं तर तेही अवघड. मग तूच का करत नाहीस, असा आईचा सवाल. आई जाऊन बारा वर्षं झाल्यावर, १९३०-३१ मध्ये, त्याने ते काम पुरं केलं. तीच गीताई. आईला ती वाचायला मिळाली नाही, पण नंतर तिच्या लाखो प्रती घरोघर गेल्या. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं केली, ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. १९४० मध्ये गांधीजींनी पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडलं ते विनोबांनाच. देशाला हे नाव तेव्हा नीट कळलं. त्याआधीची जवळजवळ वीस वर्षं हा माणूस वर्ध्यात सूत कातत आणि दळत बसला होता!

मला यातली सुरगावची गोष्ट जास्त मोलाची वाटते, ती आमच्या भागातली आहे म्हणून नव्हे. पवनारजवळच्या या खेड्यात विनोबा १९४६ नंतर दीड वर्षाहून जास्त काळ रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून जात. कशाला? तर गावाचा मैला साफ करायला. व्याख्यान नाही, सभा नाही. जायचं, साफ करायचं, परत यायचं. एकदा पावसाळ्यात मधल्या नदीला पूर आला, पलीकडे जाता येईना. तर हे काठावर उभे राहिले आणि पलीकडच्या माणसाला ओरडून निरोप दिला, की देवळात जाऊन देवाला सांग, गावाचा भंगी आला होता, पूर होता म्हणून परत गेला. एक दिवस चुकला तर आपण मेडिकल सर्टिफिकेट शोधतो. या माणसाने देवाकडे हजेरी लावली!

आणि मग आलं १९५१. तेलंगणात जमिनीवरून रक्तपात चालला होता. विनोबा वर्ध्याकडून चालत निघाले, हैदराबादजवळ शिवरामपल्लीचं संमेलन केलं आणि तिथून त्या धगधगत्या भागात शिरले. १८ एप्रिलला पोचमपल्ली गावात चाळीस दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे कसायला जमीन मागितली. किती? तर ८० एकर. विनोबांकडे काय होतं? अंगावरचं धोतर. सरकारकडे अर्ज करू असं आधी त्यांनाही वाटलं. मग सहज समोर बसलेल्या गावकऱ्यांनाच विचारलं, की तुमच्यापैकी कुणी काही देऊ शकेल का? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि त्यांनी १०० एकर देऊ केले. मागितले ऐंशी, मिळाले शंभर!

त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही. नरहररावांचा मुलगा तो, त्याने हिशेब मांडला. देशातली कसायची जमीन तीस कोटी एकर, तिचा सहावा हिस्सा भूमिहीनांना द्यायचा तर पाच कोटी एकर हवी. एवढी जमीन अशी मागून मिळेल? गणित नाही म्हणत होतं. आणि मग त्यांनी पुन्हा आईची बाजू घेतली! दुसऱ्या दिवसापासून गावोगाव मागायला सुरुवात. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, अशी मागणी. तेरा वर्षं हा माणूस देशभर पायी हिंडला. पोटाचं दुखणं अंगात, वय साठीच्या आसपास. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीसेक दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. १९५८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे सगळं मी रूमवर सांगत होतो तेव्हा माझ्या पार्टनरने मुद्द्याचा प्रश्न टाकला. शेवटी झालं काय त्या जमिनीचं? प्रश्न बरोबर आहे, आणि तो टाळून लिहिणं मला पटत नाही. पाच कोटींचं लक्ष्य होतं, कागदावर मिळाले चाळीस लाख एकरांहून थोडे अधिक. त्यातली कितीतरी खडकाळ, कितीतरी कज्ज्यात अडकलेली. काहींनी दिली आणि नंतर वारसांनी परत बळकावली. प्रत्यक्ष वाटप झालं ते निम्म्याच्या आसपासच. पार्टनर म्हणाला, म्हणजे फेल. मी त्याला विचारलं, पेट्रोल इंजिनाची एफिशियन्सी किती असते रे? पंचवीस-तीस टक्के. उरलेली उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून जाते. तरी तुझी बाईक चालते ना? तो हसला, पण पुरता पटलं नाही त्याला. मलाही पुरतं पटलेलं नाही. १९७५ च्या आणीबाणीत विनोबांनी उघड विरोध केला नाही, तेही मला खटकतं. पण ज्या माणसाला दोन एकर मिळाले आणि ज्याची पोरं त्यावर जेवली, त्याला जाऊन ही टक्केवारी सांगायची हिंमत माझ्यात नाही.

भूदानाच्या मोठ्या आकड्यांपेक्षा मला त्यांची एक छोटी कल्पना जास्त भावते. सर्वोदय पात्र. घरात एक भांडं ठेवायचं आणि त्यात रोज एक मूठ धान्य टाकायचं. मूठ कुणाची? घरातल्या लहान मुलाची. मोठ्याची मूठ मोठी, धान्य जास्त जमलं असतं. पण त्यांना ती सवय त्या लहान हाताला लागायला हवी होती. जेवायच्या आधी दुसऱ्यासाठी एक मूठ. गागोद्यातले फणसाचे द्रोण आठवतात की नाही?

१९८२ च्या नोव्हेंबरमध्ये हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनी अन्न, पाणी, औषध सगळं थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, पवनारला देह ठेवला. पुढच्या वर्षी मरणोत्तर भारतरत्न. आमच्या धाम नदीच्या काठी मी शाळेत असताना सात-आठ वेळा तरी उभा राहिलो असेन. डब्यात काय आहे एवढंच बघत!

आता हे लिहायचं खरं कारण. गेल्या सेमिस्टरचा रिझल्ट लागला तेव्हा आमच्या मजल्यावरचा एक फर्स्ट इयरचा मुलगा दोन दिवस मेसला आला नाही. चार विषय राहिले होते. दार आतून बंद, फोन बंद. आम्ही सगळे येता-जाता त्या दाराकडे बघायचो आणि पुढे जायचो. असेल मूड ऑफ, म्हणायचो. मीपण दोनदा पुढे गेलो. तिसऱ्या वेळी मला त्या पेजेच्या डब्याची आठवण झाली आणि लाज वाटली. मेसमधल्या मावशींकडून एक ताट वाढून घेतलं. त्यांनी न विचारता वर एक पोळी जास्त ठेवली. वर जाऊन दार वाजवलं. उघडेना. मग ताट घेऊन तिथेच पॅसेजमध्ये बसलो. काय बोलायचं सुचेना म्हणून माझ्या स्वतःच्या केटींची यादी मोठ्याने सांगायला लागलो. ती बरीच मोठी आहे! एम-थ्रीपर्यंत आलो तेव्हा कडी वाजली.

तो जेवला. भात गार झाला होता, तरी जेवला. त्याने दोन दिवसांत काय काय विचार केला होता ते नंतर सांगितलं, ते इथे लिहीत नाही. त्या रात्री रेक्टर सरांनी त्याच्या घरी फोन लावून दिला, दुसऱ्या दिवशी वडील आले. आता चारपैकी दोन विषय सुटलेत, दोन अजून आहेत. ते दोन कसे सुटणार ते विनोबांनाही सांगता आलं नसतं. रोज रात्री आम्ही तिघं माझ्या रूमवर बसतो.

परीक्षा संपली की पहिल्या रविवारी आम्ही गागोद्याला जाणार आहोत. रसायनी स्टेशनवरून पेणला गाडी, तिथून खोपोलीची एसटी. काकूंनी सगळ्यांना जेवायला बोलावलंय, किती जण ते आधी कळवायला सांगितलंय. ज्याला यायचं असेल त्याने माझ्या रूमच्या दारावर नाव लिहून ठेवा. फणसाचा सीझन असेल तर द्रोण तुम्हीच वाटायचे!